लॅपटॉपची शिट्टी, पंख्याची घरघर आणि वीज-बचतीचे घोळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री सगळं शांत झालं की लॅपटॉपमधून येणारी बारीक किर्र डोक्यात जाते. ज्याला ती ऐकू येते त्याला काम सुचत नाही, आणि ज्याला येत नाही तो विचारतो, "कुठे काय आवाज आहे?" या आवाजापायी मी बरीच वर्षं वेगवेगळ्या यंत्रांशी झटलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे आधी टिपायला हवं. ते नीट टिपलं की पुढचे निम्मे उपाय करावेच लागत नाहीत.

बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. प्रोसेसर खराब झालाय का?

नाही. प्रोसेसरमध्ये हलणारा एकही भाग नसतो, त्यामुळे तो स्वतः वाजत नाही. वाजतात ते त्याच्या शेजारचे, त्याला वीज पुरवणारे भाग.

चार्जर लॅपटॉपला साधारण १९-२० व्होल्ट देतो. प्रोसेसरला मात्र १ व्होल्टच्या आसपास लागतो, तोही क्षणाक्षणाला कमी-जास्त होणारा. मधलं काम मदरबोर्डवरचं व्होल्टेज रेग्युलेटर सर्किट करतं. ते सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होत असतं. माणसाच्या कानाची मजल फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणून ही उघडझाप एरवी ऐकू येत नाही. पण प्रोसेसरची भूक जर सेकंदाला काहीशे किंवा काही हजार वेळा कमी-जास्त होऊ लागली, तर त्या तालावर दोन गोष्टी थरथरतात. एक म्हणजे कॉइल, म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेली तार: तिच्यातली वीज बदलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि वेटोळी व गाभा सूक्ष्म हलतात. दुसरी गोष्ट म्हणजे सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा इवला भाग. यांतल्या पुष्कळ कपॅसिटरांमध्ये बेरियम टायटनेट असतं आणि व्होल्टेज बदललं की ते किंचित आकुंचन-प्रसरण पावतं. कपॅसिटर इवलासा असतो, त्याचा आवाज तो किती? पण तो बोर्डाला घट्ट डाख दिलेला असतो, आणि मग तबल्याच्या पुडीसारखा सगळा बोर्डच थरथरतो.

दोन्ही आवाजांना सरसकट 'कॉइल व्हाइन' म्हणतात. कॉइल बिचारी पुष्कळदा निर्दोष असते, पण नाव तेच रूढ झालं आहे. हा आवाज म्हणजे बिघाडाची पूर्वसूचना नव्हे. असा लॅपटॉप वर्षानुवर्षं उत्तम चालतो. त्रास असतो तो कानाला, आणि तो खरा असतो. "हे नॉर्मल आहे" एवढं म्हणून कुणी बोळवण केली, तरी ऐकणाऱ्याची झोप उडायची ती उडतेच.

आवाज नेमका कुठून येतोय हे कसं ओळखायचं?

यावर वेळ घालवा. घाईने पंखा बदलणारे आणि मग तोच आवाज पुन्हा ऐकणारे लोक मी बरेच पाहिलेत. माझ्याच एका लॅपटॉपच्या बाबतीत दुरुस्तीवाल्यांनी दोनदा पंखा बदलला. दोष पंख्याचा नव्हताच. चार्जर काढला की आवाज थांबतो, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आधी खोलीतला पंखा, फ्रिज, सगळं शक्य तितकं शांत करा. मग एकेक गोष्ट बदला, एका वेळी एकच. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चार्जर किंवा चार्जिंगचं सर्किट तपासायचं. चार्जरची डबी लांब सरकवून पाहा, कारण कित्येकदा शिट्टी डबीतूनच येत असते आणि वाटतं लॅपटॉपमधून. नंतर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. आवाज बंद झाला किंवा सूर बदलला तर तो पडद्यामागच्या दिव्यांच्या सर्किटचा: कमी उजेडासाठी पुष्कळ पडद्यांचे दिवे भराभर उघडझाप करतात, आणि पूर्ण उजेडात ती उघडझाप थांबते. मग स्पीकर म्यूट करा. म्यूट केल्यावर थांबणारा आवाज ध्वनीच्या सर्किटमधला आहे. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची गुणगुण ९० हर्ट्झची आणि ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची १२० हर्ट्झची, म्हणजे खर्जातली असते. तिला शिट्टी म्हणता येणार नाही.

एवढं करूनही आवाज तसाच राहिला, तर जाड कागदाची लांब सुरळी करा. तिचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं कीबोर्डवरून हळूहळू फिरवा. डॉक्टरांच्या नळीसारखी ती जागा दाखवते. धातूची नळी वापरू नका, आणि तळाचं कवच उघडलेल्या चालू लॅपटॉपमध्ये काहीही घालू नका.

मोबाइलवर आवाजाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे ते, दाखवणारं ॲप असेल तर फार उपयोग होतो. पट्टी अगदी १००० हर्ट्झवर सरळ उभी दिसली, तर कुठलं तरी घड्याळ प्रोसेसरला सेकंदाला हजार वेळा उठवतंय असा दाट संशय घ्या. पंख्याच्या आवाजाची पट्टी रुंद, पसरट असते आणि वेगाबरोबर सरकते.

काही करत नसतानाच आवाज येतो आणि माउस हलवला की थांबतो. हे उलटं कसं?

उलटं नाही. निवांतपणी येणाऱ्या शिट्टीची हीच सर्वांत मोठी खूण आहे.

रिकामा वेळ मिळाला की प्रोसेसर झोपतो. या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मांडलेल्या एसीपीआय या प्रमाणात त्या ठरवल्या गेल्या. सी० म्हणजे जागा, सी१ म्हणजे डुलकी. सी३, सी६ असं खाली गेलं की झोप गाढ होत जाते. सी६मध्ये कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकेका गणकाची, स्थिती जपून ठेवून तिचा वीजपुरवठा जवळजवळ तोडलाच जातो. झोप गाढ तेवढी बचत जास्त, पण जागं होताना विजेची उसळीही मोठी. प्रोसेसर सेकंदाला हजार वेळा गाढ झोपून हजार वेळा उठत असेल, तर विजेला १००० हर्ट्झचे हिसके बसतात, आणि तो सूर कानाला चांगलाच टोचतो. त्यात भर म्हणजे भार अगदी कमी असताना वीज वाचवण्यासाठी रेग्युलेटरही आपले काही ठोके गाळतो. मग त्याची स्वतःची उघडझाप लाखांवरून खाली घसरून ऐकू येण्याच्या टप्प्यात येऊ शकते.

माउस हलवला की प्रोसेसरला अधूनमधून काम मिळतं. गाढ झोप लागत नाही, ताल मोडतो, आवाज थांबतो.

लिनक्सच्या जुन्या वापरकर्त्यांनी हे अगदी ठळक अनुभवलं. २००३ अखेरच्या २.६ कर्नेलमध्ये (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) पीसींसाठी घड्याळाचे ठोके सेकंदाला १०० वरून १००० झाले, आणि एरवी मुके असलेले लॅपटॉप गाऊ लागले. २००५ मध्ये २.६.१३ पासून मूळ निवड २५० वर आणली गेली. २००७ च्या २.६.२१ मध्ये तर रिकाम्या प्रोसेसरला ठोके देणंच थांबवण्याची सोय आली. त्या काळी यूएसबी माउस नुसता लावला तरी शिट्टी बंद व्हायची. कारण जुना यूएसबी नियंत्रक दर मिलिसेकंदाला मेमरी वाचायचा आणि त्यामुळे प्रोसेसरला सी३मध्ये उतरताच यायचं नाही. शांतता मिळायची, बॅटरी मात्र भराभर उतरायची. आजही या प्रश्नाचा गाभा हाच आहे. शांततेची किंमत विजेत मोजावी लागते, आणि ती कमीत कमी कशी ठेवायची एवढंच आपल्या हातात असतं.

माझ्याकडे जड काम चालू असताना किर्र होतं, निवांत असताना नाही.

मग सी-स्टेटच्या वाटेला जाऊ नका, ते उपाय तुमच्यासाठी नाहीत. इथे वीज भरपूर वाहते आणि कामाच्या तालावर हेलकावते. गेममध्ये असाल तर फ्रेम-दर पडद्याच्या गतीला बांधून टाका. गेमच्या नुसत्या मेनूमध्ये चित्र साधं असतं, म्हणून ग्राफिक्स चिप सेकंदाला शेकडो, कधी हजारावर फ्रेम काढत बसते आणि रातकिड्यासारखी किरकिरते. ६० फ्रेमची मर्यादा घातली की पुष्कळांचा प्रश्न तिथेच मिटतो. ग्राफिक्सचा वापर नसेल तर टर्बो, म्हणजे प्रोसेसरने थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त गतीने धावणं, आवरून पाहा. ते कसं करायचं, हे पुढच्या उत्तरात आहे.

विंडोजमध्ये कुठली सेटिंग बदलून पाहावी?

आधी एक गैरसमज दूर करतो. 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्के केलं की प्रोसेसर झोपत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. ही सेटिंग प्रोसेसरच्या गतीची आहे, झोपेची नाही. गती म्हणजे पी-स्टेट आणि झोप म्हणजे सी-स्टेट, या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. किमान गती १०० टक्के केली तरी काम संपताच प्रोसेसर झोपणारच. कधी कधी या बदलाने सूर बदलतो, कारण व्होल्टेज बदलतं. म्हणून करून पाहायला हरकत नाही, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका.

'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करणं मात्र कामाचं आहे. बहुतेक लॅपटॉपांवर त्यामुळे टर्बो बंद होतो. जड कामातली किर्र, पंख्याची घरघर आणि उष्णता, तिन्ही एकदम उतरतात. वेग कमी होतो, पण लिहिणं, वाचणं, व्हिडिओ पाहणं यांत तो सहसा जाणवत नाही. नव्या लॅपटॉपांवर हा पर्याय पॉवर प्लॅनमध्ये दिसत नसेल, तर आधी 'पॉवर मोड' हा 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर आणून पाहा.

निवांतपणीच्या शिट्टीसाठी आधी झोपमोड कोण करतंय ते शोधा. विंडोजचं घड्याळ एरवी १५.६ मिलिसेकंदांनी ठोका देतं, पण कुठलाही प्रोग्राम ते १ मिलिसेकंदावर आणायची मागणी करू शकतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'एनर्जी' या पर्यायासह चालवा. ती ६० सेकंद निरीक्षण करून अहवाल देते. घड्याळ वेगाने चालवण्याची मागणी कोणत्या प्रोग्रामने केली, हे त्यात नावानिशी येतं. ब्राउझर, गप्पांचं ॲप, कीबोर्डचे दिवे सांभाळणारा प्रोग्राम असं काहीतरी बहुधा सापडतं. ते बंद करून पुन्हा कान द्या.

प्रोसेसरची झोप पूर्ण बंद करणारी 'आयडल डिसेबल' ही लपवलेली सेटिंगही विंडोजमध्ये आहे. ती लावली की टास्क मॅनेजर सतत १०० टक्के वापर दाखवतो आणि लॅपटॉप तापतो. निदानापुरती दोन-तीन मिनिटं वापरा. आवाज गेला तर कारण पक्कं झालं. मग ती लगेच पूर्ववत करा.

लिनक्समध्ये काय करता येतं?

इथे हातात जास्त सूत्रं आहेत, आणि ती हलवताना दर वेळी यंत्र पुन्हा सुरूही करावं लागत नाही.

आधी 'सीपीयूपॉवर' या साधनाची 'आयडल-इन्फो' आज्ञा चालवून आपल्या प्रोसेसरला झोपेच्या कोणत्या पायऱ्या आहेत ते पाहा. मग 'आयडल-सेट'ने सर्वांत गाढ पायरी तेवढी बंद करा आणि ऐका. आवाज आहेच? त्याच्या वरची बंद करा. असं एकेक करत वर या आणि जिथे शिट्टी थांबेल तिथे थांबा. मला यातला हाच उपाय सर्वांत जास्त पटतो, कारण सगळी झोप न काढता फक्त त्रासदायक पायरी काढता येते. पुष्कळदा सर्वांत खालची एकच पायरी काढून भागतं. एक ध्यानात ठेवा: यंत्र पुन्हा सुरू केलं की हे बदल जातात. समाधान झालं तर सुरू होतानाच चालणाऱ्या एखाद्या सेवेत ती आज्ञा घालून ठेवा.

कर्नेलला सुरुवातीलाच 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' असं सांगता येतं. यात लोक हमखास फसतात ते तिथे शून्य लिहून. शून्याने झोप बंद होत नाही. शून्याने फक्त इंटेलचा खास ड्रायव्हर बाजूला होतो, आणि एसीपीआयचा सर्वसाधारण ड्रायव्हर त्याची जागा घेऊन प्रोसेसरला पूर्वीसारखा झोपवतो. त्याला आवर घालायला 'प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१' हा वेगळा पर्याय आहे. 'आयडल=पोल' हा पर्याय कुणी सुचवला तर लॅपटॉपवर तो वापरूच नका. त्यात प्रोसेसर कायम जागा राहून गरगर फिरत बसतो.

इंटेलचं 'पॉवरटॉप' २००७ पासून आहे. सेकंदाला किती वेळा जाग येते आणि ती कोणामुळे, हे ते दाखवतं. त्यातले सगळे वीज-बचतीचे बदल एका झटक्यात लागू करायचा मोह होतो, पण त्यात यूएसबी उपकरणांची झोपही येते आणि मग माउस अडखळायला लागतो. बदल एकेक करून पाहा. 'टीएलपी' आणि 'पॉवर-प्रोफाइल्स-डीमन' ही वीज-बचत सांभाळणारी दोन्ही साधनं एकाच वेळी चालू ठेवू नका. एकाने बसवलेलं दुसरा उठवतो, आणि सेटिंग टिकत का नाही हे शोधण्यात दिवस जातो.

झोपेच्या पायऱ्या कायमच्या बंद ठेवल्या तर नुकसान होतं का?

प्रोसेसर जळत नाही. पण बॅटरी लवकर संपते, लॅपटॉप कोमट राहतो, पंखा जास्त फिरतो. आणखी एक तोटा सहसा लक्षात येत नाही: बाकीचे कोअर झोपलेले असताना एका कोअरला जास्त टर्बो मिळतो. सगळेच अर्धवट जागे राहिले तर ती मोकळीक कमी होते. म्हणजे झोप बंद करून वेग वाढेल ही समजूत लॅपटॉपवर उलटीही पडू शकते.

माझा सल्ला असा. चार्जरवर असताना झोपेला आवर घाला, बॅटरीवर मोकळं सोडा. शांतता बहुधा टेबलावर बसून काम करतानाच लागते, आणि तिथे चार्जर जोडलेला असतो.

बायॉसमध्ये काही सापडेल का?

बायॉस म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम. व्यावसायिक मालिकांच्या काही लॅपटॉपमध्ये त्यात सी-स्टेटचा पर्याय असतो, घरगुती मालिकांत सहसा नसतो. बायॉसची नवी आवृत्ती आली असेल तर तिची टिपणं वाचा. पंख्याच्या किंवा आवाजाच्या वागण्यातला बदल तिथे लिहिलेला असतो. अद्ययावत करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या.

पंखा सारखा चढतो आणि उतरतो. एकाच वेगाने फिरला तरी चालेल!

अगदी खरं आहे. सलग आवाजाला कान सरावतो, चढ-उताराला सरावत नाही.

एखादं पान उघडलं की प्रोसेसर टर्बोत जातो. ठरावीक काळापुरती कायमच्या मर्यादेपेक्षा बरीच जास्त वीज ओढायची त्याला मुभा असते. तापमान एकदम उडी घेतं, पंखा धावतो, काम संपतं, पंखा मंदावतो, आणि पुढच्या पानाला पुन्हा तेच. इथे टर्बो आवरणं इतकं गुणकारी का, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रोसेसर खर्च करतो ती वीज गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्या टोकाची थोडीशी गती मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. म्हणून तेवढी थोडीशी गती सोडली की उष्णता तिच्या मानाने कितीतरी जास्त उतरते.

व्होल्टेज हाताने कमी करण्याचा जुना मार्ग आता पुष्कळ लॅपटॉपांवर बंद आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये, व्होल्टेज घटवून हल्ला करू देणारी प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली, आणि त्यानंतर बऱ्याच उत्पादकांनी बायॉसमधून ती वाट कुलूपबंद केली. आपल्या यंत्रावर ती सेटिंग राखाडी दिसत असेल तर कारण बहुधा हेच.

काहीही न करता पंखा जोरात फिरत असेल तर मात्र धूळ पाहा. ती पात्यांवर दिसते त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्यांच्या जाळीत अडकते, आणि तिथे तिचा अक्षरशः नमदा तयार होतो. दाबाच्या हवेने साफ करताना लॅपटॉप बंद ठेवा आणि पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. मोकळा सोडला तर हवेच्या झोताने तो झेपणार नाही इतका वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. यंत्र चार-पाच वर्षांचं असेल तर प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते, तीही बदलून घ्यावी. पंख्यातूनच टकटक किंवा खरडल्यासारखा आवाज आला आणि लॅपटॉप तिरका केल्यावर तो बदलला, तर बेअरिंग झिजलंय. तेल घालून थोडे दिवस निघतात, पण शेवटी नवा पंखाच बसवावा लागतो.

लॅपटॉप अचानक गोगलगाय झाला. गती ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही.

विंडोज पुन्हा टाकायच्या आधी चार्जर बदलून पाहा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण या एका कारणापायी लोक दोन-दोन दिवस वाया घालवतात.

प्रोसेसरला 'तापलास, थांब' असं बाहेरून सांगणारी एक तार असते, तिचं नाव प्रोकहॉट. इतर भागही ती ओढू शकतात. चार्जरची ओळख पटली नाही, तो कमी वॉटचा निघाला किंवा बॅटरीने सावधगिरीचा इशारा दिला, तर मदरबोर्ड ही तार ओढून धरतो आणि प्रोसेसर तळाच्या गतीवर अडकतो. तापमान पाहावं तर ४०-५० अंश, म्हणजे थंडगार! थंड असूनही मंद, ही त्याची खूण. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक सुई ओळख सांगण्याचं काम करते. ती वाकली किंवा तिची तार आतून तुटली, की चार्जर वीज देतो पण ओळख देत नाही. यूएसबी-सीवर चालणाऱ्या लॅपटॉपला ६५ वॉट हवे असताना मोबाइलचा छोटा चार्जर लावला, तरी असंच होतं. केबलही पाहा. १०० वॉट वाहून नेणारी केबल आणि साधी केबल वरून सारखीच दिसते.

चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरल्याने काही वेळा ही अडकलेली तार सुटते.

उलट तापमान खरोखरच १०० अंशांच्या जवळ असेल, तर मंदपणा योग्यच आहे. बहुतेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा त्याच आसपास असते. तिथे पोचल्यावर ते स्वतःला वाचवतात. आधी धूळ काढा.

झाकण बंद करून बॅगेत ठेवला, काढला तर गरम आणि बॅटरी रिकामी.

पूर्वीच्या स्लीपमध्ये, म्हणजे एस३मध्ये, मेमरी सोडून जवळपास सगळं बंद व्हायचं. आताच्या पुष्कळ लॅपटॉपांत त्याची जागा मॉडर्न स्टँडबायने घेतली आहे. यात यंत्र मोबाइलसारखं अर्धवट जागं असतं. एखाद्या ड्रायव्हरने किंवा अपडेटने त्याला गाढ झोपू दिलं नाही, की बॅगेच्या आत ते तापत राहतं. हे सोयीचं कमी आणि धोक्याचं जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

'पॉवरसीएफजी'ला 'ए' हा पर्याय दिला की आपल्या यंत्रात कोणती झोप आहे ते कळतं, आणि 'स्लीपस्टडी' दिला की झोपमोड करणाऱ्याचं नाव कळतं. नाव हाती लागेपर्यंत झाकण बंद केल्यावर 'हायबरनेट' व्हावं, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद व्हावं, अशी सेटिंग करा. उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत काही तापत नाही. लिनक्समध्ये सिस्टिमच्या 'मेम_स्लीप' या फाइलीत 'डीप' हा शब्द दिसला, तर जुनी गाढ झोप उपलब्ध आहे आणि निवडता येते. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात, फेरफार करून मॉडर्न स्टँडबाय जबरदस्तीने काढू नका. ज्या यंत्रात एस३ दिलेलंच नाही, ते झोपतं पण उठत नाही.

हेडफोनमध्ये खरखर किंवा गाणं संपल्यावर 'टप्' असा आवाज येतो.

'टप्' म्हणजे ध्वनीची चिप वीज वाचवायला झोपी गेली. लिनक्समध्ये ध्वनी-ड्रायव्हरची 'पॉवर_सेव्ह' सेटिंग शून्य केली की थांबतं. चार्जर लावल्यावरच येणारी गुणगुण बहुधा ग्राउंडच्या वाटेने येते. लहानसं यूएसबी ध्वनिकार्ड वापरलं की आवाजाचं सर्किट मदरबोर्डच्या गोंगाटापासून दूर जातं. गाण्यात मध्येच तुटक कटकट असेल, तर एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय. विंडोजमध्ये 'लेटन्सीमॉन' त्याचं नाव सांगतं. पहिला संशय वायफायच्या ड्रायव्हरवर घ्या.

कॉइलवर डिंक किंवा हॉट ग्लू ओतला तर थांबेल का?

मी सुचवणार नाही. कॉइल आतून सुटी झालेली असेल तरच फरक पडतो. आवाज सिरॅमिक कपॅसिटरचा असेल तर काडीचाही नाही, कारण थरथरतो तो बोर्ड. हॉट ग्लू तर तिथल्या उष्णतेने मऊ होतो. शिवाय वॉरंटी जाते आणि पुढे कुणी दुरुस्तीला बसला तर तो सगळा चिकटा खरवडत बसतो.

वॉरंटीत आहे, पण "आम्हाला आवाज येत नाही" म्हणतात. काय करू?

त्यांच्या कामाच्या जागी गोंगाट असतो, त्यांना खरंच ऐकू येत नसेल. वय वाढतं तसे वरचे सूर ऐकू येणंही कमी होतं. म्हणून पुरावा घेऊन जा. शांत खोलीत, मोबाइल कीबोर्डपासून वीतभर अंतरावर धरून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. त्यात आवाज सुरू होताना आणि थांबताना, दोन्ही दिसू द्या: चार्जर लावला-काढला, माउस हलवला-थांबवला. वर्णपटाचं चित्र सोबत ठेवा. "आवाज येतो" एवढंच सांगू नका, "चार्जरवर, रिकामा असताना, साधारण या वारंवारतेवर येतो" असं लिहून द्या. मदरबोर्ड बदलून मिळाला तरी नवा शांत असेलच असं नाही. त्याच बनावटीचे दोन बोर्ड वेगवेगळे वाजतात, कारण कॉइल आणि कपॅसिटर नगागणिक थोडे वेगळे असतात. परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर दुरुस्तीपेक्षा परत करणंच मला जास्त शहाणपणाचं वाटतं. म्हणून नवा लॅपटॉप घरी आला की पहिल्याच रात्री, सगळं शांत असताना, चार्जरवर आणि बॅटरीवर दहा-दहा मिनिटं ऐकून घ्या.

कुठला आवाज आला की ताबडतोब बंद करावं?

तडतड, ठिणगी उडाल्यासारखा चट् आवाज किंवा जळका वास आला तर चार्जर भिंतीतून काढा आणि पुन्हा लावू नका. फिरणारी हार्ड डिस्क ठरावीक अंतराने टक्-टक् करत असेल आणि यंत्र मध्येच थिजत असेल, तर आधी फाइलींची प्रत काढा, बाकी सगळं नंतर. कीबोर्ड किंवा टचपॅड वर उचललं गेलंय, कवच करकरतंय, झाकण नीट बसत नाही, असं असेल तर आत बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, आणि बदलून घेईपर्यंत लॅपटॉप चालू करू नका.